विश्लेषण : रेडिएशन घेतलेल्या रुग्णाजवळ बसणे धोक्याचे असते का?

कर्करोगावर रेडिएशन सुरू झाले की अनेक घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळे होते. नातवंडांना त्याच्या खोलीत जाऊ दिले जात नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिला माहेरी पाठवण्याची चर्चा सुरू होते. रुग्णाच्या अंगातून किरणे बाहेर पडतात, ही त्यामागची समजूत. ही समजूत बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चुकीची आहे. काही थोड्या उपचारांत मात्र ती काही दिवसांपुरती खरी असते. कोणत्या उपचारात काय होते आणि काळजी कधी घ्यायची, याचा हा आढावा.

ही भीती येते कुठून?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. मालेगाव, चांदवड, निफाड, सिन्नर, संगमनेर या भागांतून शहरात येणारा माणूस बहुधा याच चौकाच्या आसपास उतरतो आणि पुढे रिक्षा धरतो. त्यांत रुग्णालयाच्या फायली आणि एक्स-रेचे मोठे लिफाफे घेतलेले लोकही असतात. नाशिकमध्ये रेडिएशनची सोय झाल्यापासून उत्तर महाराष्ट्रातील अनेक रुग्णांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पण हा उपचार एका दिवसात संपत नाही. आठवड्यातून पाच दिवस, तीन ते सात आठवडे रोज यावे लागते. त्यामुळे रुग्ण रोज एसटीत बसतो, रिक्षात तिघांच्या दाटीत बसतो आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलाबाळांत वावरतो. शेजारी बसलेल्याला काही होईल का, हा प्रश्न म्हणूनच रोजचा होतो.

रुग्णालयातले दृश्यही या भीतीत भर घालते. रुग्णाला टेबलावर झोपवून तंत्रज्ञ खोलीबाहेर पडतात. जाडजूड दरवाजा बंद होतो. वर लाल दिवा लागतो. भिंतीवर किरणोत्साराची खूण असते आणि 'गरोदर स्त्रियांनी आत जाऊ नये' अशी सूचना असते. ज्या खोलीत डॉक्टरही थांबत नाहीत, तिथून बाहेर आलेला माणूस काहीतरी सोबत घेऊन येत असणार, असे नातेवाइकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यात बोलण्यातली गल्लतही असते. कोणी या उपचाराला 'शेक' म्हणते, कोणी 'लाईट घेणे' म्हणते, आणि 'रेडिएशन' म्हटले की अनेकांना अणुबॉम्ब किंवा चेर्नोबिल आठवते.

किरणे आणि किरणोत्सारी पदार्थ यांत फरक काय?

सगळा घोळ या दोन गोष्टी एक मानल्यामुळे होतो. किरणे म्हणजे ऊर्जा. किरणोत्सारी पदार्थ म्हणजे ती ऊर्जा सतत बाहेर टाकणारी वस्तू. विजेचा दिवा आणि त्याचा उजेड यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. दिव्याखाली तासभर बसलेल्या माणसाच्या अंगावर उजेड पडतो, पण दिवा बंद झाल्यावर तो माणूस अंधारात चमकत नाही. त्याने दिवाच खिशात घातला असेल तर गोष्ट वेगळी.

कर्करोगाच्या उपचारातही हाच प्रश्न विचारायचा असतो. रुग्णाच्या अंगावर फक्त किरणे पडली, की किरणोत्सारी पदार्थ त्याच्या शरीरात गेला? पदार्थ शरीरात गेला असेल, तर तो तिथेच राहिला की परत काढून घेतला? या प्रश्नांच्या उत्तरावरच घरच्यांनी काळजी घ्यायची की नाही, हे ठरते.

यंत्रातून दिलेल्या रेडिएशनने शरीर किरणोत्सारी होते का?

नाही. रेडिएशन घेणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांना ते बाहेरून, यंत्रातून दिले जाते. आज यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे यंत्र म्हणजे लिनिअर ॲक्सिलरेटर, बोलीभाषेत 'लिनॅक'. यात किरणोत्सारी पदार्थ नसतोच. विजेच्या साह्याने इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धातूच्या तुकड्यावर आदळवले जातात आणि त्यातून शक्तिशाली क्ष-किरण निघतात. बटण बंद केले की क्ष-किरण त्याच क्षणी थांबतात. छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढून आलेल्या माणसाला कोणी वेगळे बसवत नाही. लिनॅकमधील किरणे त्याहून कितीतरी शक्तिशाली असली तरी यंत्र बंद झाल्यावर मागे काही उरत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

दुसरे यंत्र कोबाल्टचे. यात कोबाल्ट-६० हा खराखुरा किरणोत्सारी पदार्थ असतो आणि त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे देशी यंत्र याच प्रकारचे आहे. हा कोबाल्ट यंत्राच्या डोक्यात, जाड आवरणात बंद असतो. उपचाराच्या वेळी तो झरोक्यासमोर आणला जातो आणि वेळ संपली की पुन्हा आत जातो. रुग्णाला त्याचा स्पर्शही होत नाही. रुग्णापर्यंत पोहोचतात ती फक्त किरणे.

ही किरणे शरीरात गेल्यावर त्यांचे काय होते? ती पेशींमधील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. त्यामुळे कर्कपेशींच्या डीएनएचे धागे तुटतात आणि त्या पेशी पुढे वाढू शकत नाहीत. किरणांची ऊर्जा त्या कामात खर्ची पडते. हे सारे सेकंदाच्या अत्यंत लहान भागात घडते. नंतर जे चालू राहते ते शरीराचे स्वतःचे काम असते. मेलेल्या पेशी बाहेर टाकल्या जातात, निरोगी पेशी स्वतःला दुरुस्त करतात. त्वचा काळवंडणे, तोंड येणे, थकवा हे त्रास उपचारानंतरही काही आठवडे राहतात. त्यामुळे 'रेडिएशन अजून अंगात आहे' असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात तो झालेल्या जखमेचा परिणाम असतो. चटका बसल्यावर फोड नंतर येतो, पण तेव्हा विस्तव अंगात नसतो.

एखादी वस्तू किरणोत्सारी व्हायला मग काय लागते?

अणूच्या केंद्रकात बदल व्हावा लागतो. १९३४ मध्ये आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी या दाम्पत्याने ॲल्युमिनियमवर अल्फा कणांचा मारा करून पहिल्यांदा कृत्रिम किरणोत्सारी पदार्थ तयार केला. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अणुभट्टीतील न्यूट्रॉनही असा बदल घडवतात. कोबाल्ट-६० याच पद्धतीने, साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉनचा मारा करून बनवला जातो.

क्ष-किरण आणि गॅमा किरण हे प्रकाशाचे भाऊबंद आहेत. त्यांनी केंद्रकात बदल घडवायचा तर ऊर्जा खूप मोठी लागते. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. लिनॅकच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या किरणांची कमाल ऊर्जा सुमारे ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. शरीरातील नायट्रोजनचे केंद्रक फोडायला मात्र साधारण १०.५, ऑक्सिजनचे फोडायला १५.७ आणि कार्बनचे फोडायला १८.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे नेहमीच्या उपचारातील किरणे त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

खोलवरच्या गाठींसाठी कधी १५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासची किरणे वापरली जातात. तेव्हा यंत्राच्या धातूच्या भागांत आणि शरीरात अगदी किंचित प्रमाणात किरणोत्सारी अणू तयार होऊ शकतात. खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात सुरू झालेल्या प्रोटॉन उपचारातही शरीरात असे थोडे अणू तयार होतात. पण त्यांतील ऑक्सिजन-१५ दोन मिनिटांत निम्मा होतो, नायट्रोजन-१३ दहा मिनिटांत आणि कार्बन-११ वीस मिनिटांत. रुग्ण कपडे बदलून, पुढची तारीख घेऊन बाहेर पडेपर्यंत त्यातले बरेचसे विरून गेलेले असते. घरच्यांनी त्यासाठी कोणतीही काळजी घ्यावी लागत नाही.

लासलगावचा कांदा काय सांगतो?

नाशिककरांना हा मुद्दा पटवायला दूर जाण्याची गरज नाही. निफाड तालुक्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या सुरुवातीला 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांचा मारा करणे, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेला पाठवण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा पहिल्या खेपेतील आंब्यांवरही लासलगावलाच प्रक्रिया झाली होती.

किरणांची शरीराने किंवा वस्तूने शोषलेली मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून साधारण ६० ते ९० ग्रे मात्रा दिली जाते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किडीच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे द्यावी लागते. कर्करोगाच्या रुग्णाला गाठीच्या जागी रोज साधारण २ ग्रे याप्रमाणे सहा-सात आठवड्यांत एकूण ६० ते ७० ग्रे दिली जाते. स्तनाच्या कर्करोगात आता अनेकदा तीन आठवड्यांत ४० ग्रेच्या आसपास मात्रा पुरते.

म्हणजे रुग्णाच्या गाठीला महिना-दीड महिन्यात जेवढी मात्रा मिळते, तेवढी कांद्याला एका फेरीत मिळते आणि आंब्याला त्याच्या पाच-सहा पट. किरणेही त्याच कोबाल्टची. तरी तो कांदा किरणोत्सारी होत नाही. तो चिरला जातो, फोडणीला जातो आणि लोक तो खातात. विकिरण केलेला आंबा हातात घेता येतो, तर रेडिएशन घेऊन आलेल्या आजोबांचा हात धरायला हरकत काय असणार?

मग त्या खोलीतून सगळे बाहेर का पडतात?

यंत्र सुरू असताना काही किरणे रुग्णाच्या शरीरावर आपटून इतस्ततः विखुरतात. रुग्णाला त्या किरणांचा फायदा होणार असतो, म्हणून तो धोका पत्करतात. तंत्रज्ञाला तसा काही फायदा नसतो. तो दिवसाला अनेक रुग्णांवर उपचार करतो, वर्षानुवर्षे तेच काम करतो. रोजची थोडी थोडी मात्रा साठत जाऊन मोठी होईल, म्हणून तो बाहेरून काचेतून किंवा कॅमेऱ्यातून रुग्णावर लक्ष ठेवतो. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि सामान्य नागरिकांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. कर्मचाऱ्यांच्या छातीवर त्यासाठी मोजणीचा बिल्ला असतो.

यातली एक गोष्ट नातेवाइकांच्या लक्षात येत नाही. यंत्र बंद होताच तेच तंत्रज्ञ धावत आत येतात, रुग्णाला हात देऊन उठवतात, त्याच टेबलावर पुढच्या रुग्णाला झोपवतात. रुग्णाच्या अंगातून किरणे येत असती तर त्यांनी हे केले नसते.

शरीराच्या आतून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनचे काय?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर बहुधा आतूनही रेडिएशन दिले जाते. याला ब्रेकीथेरपी म्हणतात. यासाठी शरीरात पोकळ नळ्या बसवल्या जातात. मग यंत्रातून एका तारेच्या टोकाला असलेला इरिडियम-१९२चा इवलासा तुकडा त्या नळ्यांतून आत जातो, काही मिनिटे ठरलेल्या जागी थांबतो आणि परत यंत्रात येतो. तेवढा वेळ पदार्थ शरीरात असतो आणि खोलीत दुसरे कोणी नसते. तुकडा परत आल्याची खात्री मापकाने केली जाते. नळ्या काढल्या की उपचार संपला. ती बाई त्या दिवशी घरी जाऊन नातवाला मांडीवर घेऊ शकते. तिला दुखत असेल, थकवा असेल, तर तो भाग वेगळा.

काही उपचारांत, विशेषतः प्रोस्टेटच्या कर्करोगात, आयोडीन-१२५चे तांदळाच्या दाण्याएवढे कण कायमचे आत ठेवले जातात. त्यांची किरणे कमी ऊर्जेची असल्याने बहुतांश शरीरातच शोषली जातात. सुमारे ६० दिवसांत त्यांचा जोर निम्मा होतो. अशा रुग्णाला सुरुवातीचे काही आठवडे लहान मुलांना फार वेळ मांडीवर घेऊ नका, गरोदर स्त्रीला चिकटून बसू नका, असे सांगितले जाते. त्याने एका खोलीत कोंडून राहण्याची गरज नसते.

कोणता रुग्ण खरोखर किरणोत्सारी असतो?

थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ घेतलेला रुग्ण काही दिवस खरोखर किरणोत्सारी असतो. हे औषध कॅप्सूल किंवा द्रव स्वरूपात तोंडाने दिले जाते. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, या गुणाचा येथे उपयोग केला जातो. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या किंवा पसरलेल्या थायरॉइड पेशी हे किरणोत्सारी आयोडीन स्वतःहून शोषतात आणि त्यातून निघणाऱ्या किरणांनी नष्ट होतात. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करते आहे.

येथे दिवा खिशात आहे. औषधाचा जो भाग पेशींनी घेतला नाही, तो लघवी, घाम, लाळ यांतून बाहेर पडतो. त्यातला बहुतांश पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातो. म्हणून मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाला रुग्णालयात स्वतंत्र खोलीत ठेवतात. त्या खोलीच्या शौचालयातील पाणी थेट गटारात सोडत नाहीत. ते वेगळ्या टाक्यांत साठवून, किरणोत्सार उतरल्यावरच सोडले जाते. रुग्णाच्या अंगातून येणारा किरणोत्सार मापकाने तपासतात आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेखाली आल्यावरच त्याला घरी पाठवतात.

आयोडीन-१३१चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे. म्हणजे आठ दिवसांत ते निम्मे होते, सोळा दिवसांत पाव आणि ऐंशी दिवसांत साधारण हजारावा भाग उरतो. शरीरातून ते लघवीवाटेही जात असल्याने प्रत्यक्षात ही घट याहून वेगाने होते. घरी आल्यावर साधारणपणे पुढील काळजी घ्यायला सांगतात.

- ठरवून दिलेले दिवस वेगळ्या अंथरुणात झोपणे. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवणे.
- भरपूर पाणी पिणे. शौचालय वापरल्यावर दोनदा फ्लश करणे. पुरुषांनीही बसून लघवी करणे. हात साबणाने धुणे.
- ताट, पेला, टॉवेल, कपडे वेगळे ठेवणे आणि वेगळे धुणे. धुतल्यावर ते इतरांनी वापरायला हरकत नसते.
- स्तनपान करणाऱ्या आईने औषध घेण्याच्या बरेच आधी ते बंद करणे. त्या बाळाला ते पुन्हा सुरू करता येत नाही.
- किमान सहा महिने गर्भधारणा टाळणे.
- पुढचे काही आठवडे विमानतळावर किरणोत्सार मापक वाजू शकतो, म्हणून रुग्णालयाचे पत्र जवळ ठेवणे.

हे दिवस प्रत्येकाला सारखे नसतात. औषधाची मात्रा, शरीरात उरलेला भाग आणि घरातील माणसे पाहून डॉक्टर ते ठरवतात. थायरॉइड जास्त काम करत असेल तर त्यासाठीही हेच आयोडीन देतात, पण मात्रा बरीच कमी असते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. काही विशिष्ट कर्करोगांत शिरेतून ल्युटेशियम-१७७ दिले जाते. त्याचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या आसपास असते आणि तिथेही काही दिवस अशीच काळजी घ्यावी लागते.

अंतराचा हिशेब येथे कामी येतो. रुग्णापासून एक मीटरवर जेवढी किरणे पोहोचतात, त्याच्या पाव भाग दोन मीटरवर पोहोचतात. म्हणून चहाचा कप देऊन दोन शब्द बोलून जाणे आणि रात्रभर कुशीत झोपणे यांत फार फरक आहे. आयोडीन घेतलेल्या माणसाशीही बोलणे बंद करायचे नसते. थोडे लांब बसून बोलायचे असते.

पेट स्कॅन करून आल्यावर?

पेट स्कॅनसाठी शिरेतून जे औषध देतात, त्यात फ्लोरिन-१८ असते. ते किरणोत्सारी असते, पण ११० मिनिटांत निम्मे होते. सकाळी स्कॅन झाला तर रात्रीपर्यंत त्यातले जवळपास काही उरत नाही. हाडांच्या स्कॅनसाठी वापरले जाणारे टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मे होते. म्हणून स्कॅनच्या दिवशी काही तास तान्हे बाळ आणि गरोदर स्त्री यांच्यापासून थोडे दूर राहायला सांगतात. स्कॅनला सोबत येणारी व्यक्ती गरोदर नसावी आणि लहान मुलांना सोबत आणू नये, हे त्याचसाठी. दुसऱ्या दिवशी ही काळजी संपते. एक्स-रे, सीटी स्कॅन, मॅमोग्राफीनंतर काहीच काळजी लागत नाही. एमआरआय आणि सोनोग्राफीत तर अशी किरणेच नसतात.

किरणोत्सारामुळे झालेले अपघात कशाचे होते?

ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ मध्ये एका ओस पडलेल्या रेडिएशन केंद्रातील यंत्र भंगार म्हणून उचलले गेले. त्यातील सीझियम-१३७ची डबी फोडली गेली. आतली निळसर चमकणारी पूड लोकांनी घरी नेली, अंगाला लावली. चार जणांचा मृत्यू झाला. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण तोडले गेले आणि एकाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी किरणोत्सारी पदार्थच आवरणाबाहेर पडून लोकांच्या हाती लागला होता. उपचार घेतलेल्या रुग्णामुळे हे घडलेले नव्हते. यंत्रातील पदार्थ जपणे, जुनी यंत्रे नियमानुसार परत पाठवणे ही रुग्णालयांची आणि नियामकांची जबाबदारी आहे, आणि ती महत्त्वाची आहे. रुग्णाला वेगळे बसवून ती पार पडत नाही.

तसे पाहिले तर कोणताच माणूस पूर्णपणे किरणोत्सारमुक्त नसतो. अन्नातून येणाऱ्या पोटॅशियममध्ये अत्यल्प प्रमाणात पोटॅशियम-४० असते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला साधारण चार हजार अणूंचे विघटन होत असते. रेडिएशन न घेतलेल्याच्याही, घेतलेल्याच्याही.

मग काही वेळा रुग्णाला वेगळे राहायला का सांगतात?

रेडिएशनसोबत अनेकांना केमोथेरपीही दिली जाते. त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साध्या सर्दी-तापाचाही धोका वाढतो. म्हणून डॉक्टर गर्दीत जाऊ नका, आजारी माणसाजवळ बसू नका, असे सांगतात. ही काळजी रुग्णाला इतरांपासून वाचवण्यासाठी असते. घरी पोहोचेपर्यंत तिचा अर्थ उलटा लावला जातो आणि रुग्णापासून इतरांना जपायला सुरुवात होते. नातू खोकत असेल तर त्याला आजीपासून लांब ठेवणे योग्य आहे. तो ठणठणीत असेल तर तिच्या शेजारी बसायला हरकत नाही.

केमोथेरपीच्या औषधांचे अंश दोन-तीन दिवस लघवी, उलटीत असू शकतात. त्या साफ करताना हातमोजे वापरा, असे सांगितले जाते. त्याचाही किरणांशी संबंध नाही. केस गळण्याचेही तसेच. केमोथेरपीत डोक्याचे केस जातात. रेडिएशनने केस गळतात ते फक्त जिथे किरणे दिली त्या जागेचे.

गैरसमजाची किंमत काय?

वेगळे ताट, वेगळी खोली, दारातून दिलेला चहा. आधीच आजाराने खचलेल्या माणसाला यातून कळते की आपण घराला नकोसे झालो आहोत. अशा वेळी 'आता पुरे' म्हणून मध्येच उपचार सोडण्याचा विचार मनात येतो. रेडिएशनमध्ये हा खंड महागात पडतो. तोंड, घसा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचाराचा एकूण काळ ठरलेल्यापेक्षा लांबला, तर जादा गेलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा अंदाज आहे. कर्कपेशींना मधल्या काळात पुन्हा वाढायला वाव मिळतो. महाराष्ट्रात तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग मोठ्या संख्येने आढळतात, हे लक्षात घेतले की या एका टक्क्याचे महत्त्व कळते.

रोज रुग्णालयात नेणारा माणूस, वेळेवर मऊ जेवण, रात्री तोंडाला जळजळ झाली की उठणारे कोणीतरी, यावर ठरलेले सगळे दिवस पूर्ण होणे अवलंबून असते. भीतीपोटी हाच माणूस लांब गेला तर उपचारच अडतो.

घरच्यांनी डॉक्टरांना काय विचारावे?

रेडिएशन सुरू होण्याआधी तीन प्रश्न विचारले तर बहुतेक शंका मिटतात. हे रेडिएशन यंत्रातून बाहेरून आहे, की किरणोत्सारी औषध किंवा कण शरीरात जाणार आहेत? शरीरात जाणार असतील तर ते काढले जातील, की राहतील? आणि राहणार असतील तर कोणापासून, किती अंतरावर, किती दिवस जपायचे? उत्तर कागदावर लिहून घ्यावे. घरात मते मांडणारे बरेच असतात, आणि तेव्हा डॉक्टरांच्या हाताने लिहिलेली तारीख उपयोगी पडते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'यंत्रातून, बाहेरून' असे आले, तर घरात काहीही बदलायचे नाही. एकत्र जेवावे, त्याच पेल्यातून पाणी प्यावे, मुलांना जवळ येऊ द्यावे. गरोदर सुनेनेही सासूच्या शेजारी बसून तिला भरवायला हरकत नाही. रुग्णालयातील उपचाराच्या खोलीत मात्र तिने जाऊ नये. आणि रुग्णालयातून घरी परतताना द्वारकेला रिक्षात मधल्या जागेवर रुग्ण बसला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाशांनी फक्त थोडे सरकून त्याला नीट टेकायला जागा द्यावी.